दारात ऊस, ताटात बटाटा

भिगवण मागे टाकून सोलापूरच्या दिशेने निघाले की महामार्गावर डाळजच्या पाट्या लागतात. नंबर एक, नंबर दोन, नंबर तीन. एकीकडे उजनीचा फुगवटा आणि बाकी नजर पोहोचेल तिथवर ऊस. धरण १९८० साली पूर्ण झाले, भीमाकाठची जुनी गावठाणे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की अजूनही वर येते. ज्या पाण्याने घरे नेली त्याच पाण्याने या पट्ट्यातली जिरायत जमीन बागायत केली, हे खरे. एरवी इंदापूर तालुका कमी पावसाचा. आज मात्र इथे पाणी आहे, जमीन आहे, कष्टाची सवय आहे आणि शेणखतही आहे. तरीसुद्धा मेथीची जुडी इथला शेतकरी आठवडे बाजारातून विकत आणतो, आणि बाजार लांबला की घरात चार दिवस बटाटा, डाळ आणि बेसन यांवरच भागते.

मला ही गोष्ट शेतीची वाटत नाही, आरोग्याची वाटते. म्हणून या आठवड्यात औषधांविषयी न लिहिता दारातल्या भाजीविषयी लिहितो.

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या बायाबापड्यांना मी एक प्रश्न हमखास विचारतो. काल दोन्ही वेळेला काय खाल्ले? एक आजी आपल्या सुनेला घेऊन आल्या होत्या. सुनेला चालले की धाप लागते, डोळ्यांच्या आतली कड पांढुरकी. मी विचारले, "आजी, घरात पालेभाजी कधी झाली होती?" आजी म्हणाल्या, "बाजाराच्या दिवशी झालती की डॉक्टर. जुडी केवढीशी असती, गड्यांच्या अन् पोरांच्या ताटात संपती. आमी भाकरीसंगं चटणी खातो." घरची जमीन पाच एकर, सगळी बागायत. या एका उत्तरात आपल्या भागाचा सगळा आहार आला.

राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी निघाल्या. त्याआधीच्या २०१५-१६ च्या फेरीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे रस्ते झाले, दवाखाने झाले, हाती पैसा आला, आणि रक्त मात्र उतरले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांची स्थिती तर याहून वाईट आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते आणि पुरुषाला १९. ज्या व्यक्तीला जास्त लागते ती घरात सर्वांत शेवटी जेवते, आणि तोवर कढईत रस्सा उरलेला असतो. याच संस्थेच्या हिशोबाने प्रत्येकाच्या ताटात रोज ४०० ग्रॅम भाजी असावी. पाच माणसांच्या घरात दिवसाला दोन किलो झाली. बाजारातून आठवड्याला चौदा किलो भाजी आणणारे घर मी तरी पाहिलेले नाही.

यावर कुणी म्हणेल, पैसा आहे तर विकत घ्यावी. घ्यावी की. पण पालेभाजी ही विकत घेऊन साठवण्याची वस्तू नव्हे. तिसऱ्या दिवशी ती पिवळी पडते. त्यातले क जीवनसत्त्व खुडल्यापासूनच घटू लागते. दारातली भाजी चुलीवर भाकरी भाजत असताना खुडता येते, हा तिचा खरा फायदा. शिवाय ती मोजून वाढली जात नाही. विकतच्या जुडीला घरातला प्रत्येक जण मनात भाग पाडत असतो. वाफ्यातल्या मेथीला तसे कुणी पाडत नाही, आणि शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटातही ती उरते. परसबागेचा मी आग्रह धरतो तो मुख्यतः या कारणासाठी.

पानांचा आणि रक्ताचा संबंध कसा उलगडला, त्याची हकिगत आपल्या मुंबईतलीच आहे. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईस आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना जीवघेणा रक्तक्षय का होतो, याचा त्या शोध घेत होत्या. यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर या बाया सुधारतात असे त्यांना आढळले आणि १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. अर्कातला तो घटक कोणता हे तेव्हा ठाऊक नव्हते. दहा वर्षांनी, १९४१ साली, अमेरिकेत तो पालकाच्या पानांतून वेगळा काढण्यात आला आणि पानाला लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणतात म्हणून त्याचे नाव 'फोलिक' आम्ल पडले. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून लोहाबरोबर ज्या गोळ्या मिळतात त्यात हेच असते. हे फोलिक आम्ल शिजवताना पाण्यात उतरते. म्हणून पालेभाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून देण्याची रीत मला मान्य नाही.

सुरुवात किती जागेची?

नवशिक्या माणसाची बाग बुडते ती हौसेपायी. पहिल्याच वर्षी फ्लॉवर, टोमॅटो, ढोबळी मिरची, गाजर असे चौदा प्रकार लावायचे, मग कीड पडायची, मग औषध फवारायचे, आणि फवारलेली भाजी दुसऱ्या दिवशी खायची. त्यापेक्षा बाजारची बरी. माझे सांगणे असे की दहा फूट लांब, दहा फूट रुंद एवढीच जागा घ्यावी. गुंठ्याचा दहावा हिस्सासुद्धा होत नाही. त्यात अडीच फूट रुंदीचे तीन वाफे आणि मध्ये पाय ठेवण्यापुरत्या दोन वाटा. वाफा याहून रुंद केला तर मधले तण काढायला आत पाय द्यावा लागतो आणि माती दाबली जाते. जागेवर दिवसाचे पाच-सहा तास ऊन हवे. घरापासून लांब, मोटारीच्या कडेला वाफा करू नये. जो वाफा स्वयंपाकघराच्या दारातून दिसतो तोच जगतो.

अलीकडे घरापुढची सगळी जागा सिमेंटने किंवा पेव्हर ब्लॉकने झाकून टाकण्याची पद्धत पडली आहे. गाडी लावायला सोय होते, चिखल होत नाही, मान्य. पण 'परस' हा शब्दच त्यामुळे उरला नाही. अशांनी युरियाच्या रिकाम्या गोण्या धुऊन, निम्म्यापर्यंत दुमडून, तळाला भोके पाडून त्यात अर्धी माती आणि अर्धे कुजलेले शेणखत भरावे. सहा गोण्यांत आठवड्यातून एक वेळ पुरेल इतका पाला सहज होतो. कीटकनाशकाचे कॅन आणि डबे मात्र कितीही धुतले तरी या कामाला घेऊ नयेत, पाणी घालायलासुद्धा नाही. आपल्याकडे हे सर्रास चालते, म्हणून मुद्दाम लिहितो.

आता कारखान्यांची धुराडी पेटण्याचे दिवस आहेत, म्हणजे थंडीचा हंगाम. पालेभाजीला याहून चांगला काळ नाही. पहिली भाजी मेथी. बी आणायला दुकानात जायचीही गरज नाही, डब्यातले मेथीदाणे रात्रभर भिजवून ओळीने पेरले की चार-पाच दिवसांत उगवतात आणि महिन्याच्या आत भाजी ताटात येते. एवढ्या लवकर फळ देणारे दुसरे काम माझ्या माहितीत नाही. कोथिंबिरीसाठी धने लाटण्याखाली हलके रगडून त्यांची दोन दले करावीत, रात्रभर भिजवावेत. ती उगवायला आठ-दहा दिवस घेते, तेवढा धीर धरावा. पालकाचा 'ऑल ग्रीन' हा जुना वाण चांगला. महिन्याभराने पहिली कापणी येते. दोन बोटे बुंधा ठेवून कापला की पंधरा दिवसांनी पुन्हा फुटतो, असे तीन-चार वेळा. एका कडेला शेपू टाकावा, दुसऱ्या कडेला मुळा. मुळ्याचा पाला फेकून देणाऱ्या घरात मुळा लावूच नये, कारण खरी भाजी तीच. सगळा वाफा एका दिवशी पेरायचा नाही. आठवड्याला दोन ओळी पेरल्या तर आठवड्याला दोन ओळी काढायला येतात. बाकी सारे शिकता येते, पण हे टप्प्याटप्प्याने पेरणे पहिल्या दिवसापासून जमवावे, नाहीतर महिन्याने एकदम दहा जुड्या येतात आणि पुढचे दोन महिने काहीच नाही.

दुकानातून बियाण्याची पुडी आणली तर एक ध्यानात ठेवावे. त्या बियांना बुरशीनाशक चोळलेले असते, म्हणून त्या गुलाबी वा हिरव्या दिसतात. पेरल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि उरलेली रंगीत मेथी किंवा धने चुकूनही फोडणीच्या डब्यात जाता कामा नयेत. पुडी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

भेंडी आणि गवार सोप्या आहेत, पण थंडीत त्या रुसतात. जानेवारी सरताना किंवा फेब्रुवारीत पेराव्यात. भेंडीत 'परभणी क्रांती' हा वाण शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगाला बऱ्यापैकी तोंड देतो. गवारीत 'पुसा नवबहार' आहे. त्याच सुमारास कुंपणाकडेला दुधीचे दोन आणि दोडक्याचे दोन वेल सोडावेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'सम्राट' दुधी आपल्या हवेत चांगला येतो. दुधीला फुले भरपूर येतात पण फळ धरत नाही, अशी तक्रार होते. पहिली फुले नराचीच असतात. मादी फुलाखाली इवलासा दुधी दिसतो. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते. त्या वेळी नराचे फूल तोडून मादी फुलावर हलके टेकवले की काम होते. पोरांना हे काम फार आवडते. एवढे मात्र सांभाळावे की दुधीची चकती चाखून पाहिल्याशिवाय चिरू नये. कडू लागला तर तो टाकून द्यावा, त्याचा रस तर मुळीच पिऊ नये. २०१० साली दिल्लीत दुधी-कारल्याचा कडू रस पिऊन एका शास्त्रज्ञांचा मृत्यू झाला होता.

शेवग्याविषयी वेगळे लिहायला हवे. एक झाड पाच घरांना पुरते. मनगटाएवढी फांदी उन्हाळ्याच्या अखेरीस खोचली तरी फुटते. आपण शेंगा खातो आणि पाला शेळीला घालतो! शंभर ग्रॅम पाल्यात ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असते, तेवढ्याच दुधात १२० च्या आसपास. गुडघे दुखणाऱ्या आजींना मी दुधाआधी हाच पाला सांगतो. पिठात मूठभर कोवळा पाला चिरून घातला तर थालीपिठाला चवही येते.

पाणी कोणते घालावे?

भांडी विसळल्याचे, तांदूळ-डाळ धुतल्याचे पाणी वाफ्याला उत्तम. पूर्वी मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ वाढायची. त्यात शहाणपण होते. साबणाचे पाणी केळीला, कर्दळीला चालते, मेथी-कोथिंबिरीला देऊ नये. फुगवट्याच्या पाण्याबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून वाहत उजनीत येते, हे या काठावर कुणाला सांगायला नको. उन्हाळ्यात पाण्याचा रंग आणि वास तेच सांगतो. उसाला ते चालून जाईल, पण कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात या आपण कच्च्या खातो. त्यांच्या पानांवर हे पाणी शिंपडू नये. टायफॉइड आणि कावीळ अशाच वाटेने घरात शिरतात. विहिरीचे किंवा नळाचे दोन हंडे दहा फुटांच्या जागेला पुरतात, तेही सरीतून, मुळाशी. कच्चे शेणही वाफ्यात घालू नये, पुरते कुजलेले, मातीसारखा वास येणारे खत हवे. वाफ्यात काम करताना पायात चप्पल असावी. अनवाणी पायांतून शिरणारे आकडीकृमी आतड्यातून रक्त शोषतात, आणि मग भाजी खाऊनही रक्त वाढत नाही. शाळा-अंगणवाडीत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला जंतनाशक गोळी देतात, ती पोरांनी चुकवू नये.

मावा पडला तर घाबरून दुकानाकडे धावू नये. पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारावी. नाहीतर तेवढी पाने खुडून टाकावीत. घरच्या भाजीला चार भोके असली तर बिघडत नाही.

जाता जाता बांधावरच्या भाजीबद्दल. तांदुळजा, घोळ, पाथरी, चाकवत या भाज्या आपल्या आज्यांनी पेरल्या नव्हत्या, त्या आपोआप उगवत आणि खुरपणी करणारी बाई ओच्यातून घरी आणी. आता उसात 'टू-फोर-डी' आणि ॲट्राझिनसारखी तणनाशके पडतात. त्यामुळे फुकटची भाजी गेली, आणि जी कडेला वाचते तिच्यावर काय उडाले आहे ते कळत नाही. फवारलेल्या उसाच्या बांधावरचा तांदुळजा खाऊ नये. त्याऐवजी तांदुळजाचे बी आणून घराच्या वाफ्यात एकदा टाकावे, तो पुढे आपणच पडतो आणि आपणच उगवतो.

आता वैद्यकीय सावधगिरी. परसबागेने रक्तक्षय 'बरा होतो' असे मी म्हणत नाही. पालेभाजीतले लोह शरीर कमीच शोषते, म्हणून हिमोग्लोबिन उतरलेले असेल तर दवाखान्यातल्या गोळ्या पुऱ्या घ्यायच्याच. रक्तासाठी बीट खाण्याची आपल्याकडे मोठी समजूत आहे. रंग लाल असला तरी बीटात लोह बेताचेच असते. पालेभाजीवर लिंबू पिळले तर तिच्यातले लोह अधिक अंगी लागते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. चहाला तासभर तरी थांबावे. भाजी लोखंडी कढईत करावी, पण त्यातच ठेवू नये. तेलाची फोडणी हवीच, पानांतल्या अ जीवनसत्त्वाला ती लागते. ज्यांना मुतखडा आहे त्यांनी पालक आणि अळू बेताने खावे. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्यांनी, तसेच मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पालेभाजीचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

परसबाग हा शब्द आता सरकारी कागदांतही आला आहे. सप्टेंबरात पोषण महिना असतो, शाळा-अंगणवाड्यांत वाफे होतात, छायाचित्रे निघतात. हेतू चांगलाच आहे. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या वाफ्याला पाणी कोण घालणार, हे छायाचित्राच्या आधी ठरले तर बरे. घरातही तेच. 'परसबाग म्हणजे बायकांचे काम' असे म्हणून आणखी एक ओझे तिच्या डोक्यावर देणार असाल तर बाग न केलेली बरी. वाफा खणणे, खत ओढणे आणि पाण्याची नळी तिथवर आणणे ही कामे घरातल्या पुरुषांनी एकदा करून द्यावीत. पाच एकर ऊस सांभाळणाऱ्याला शंभर चौरस फूट जड नाही.

बियाण्यासाठी दरवर्षी दुकान गाठायचीही गरज नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या परसबागेतून गावरान भाज्यांचे बी जपले आणि वाटले, त्यासाठी त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आपण एवढे करू शकतो की पालकाची, मेथीची चार चांगली रोपे न कापता फुलावर जाऊ द्यावीत, आणि वेलावरचा एक निरोगी दुधी वाळेपर्यंत तसाच ठेवावा. तो हलवला की आत बी वाजते. असे बी उन्हात दोन दिवस सुकवून, कोरड्या राखेत घोळून, झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि डब्यावर महिना लिहावा. संकरित वाणाचे बी मात्र धरू नये, त्याची पुढची पिढी सारखी येत नाही. कोणता वाण धरता येतो याची शंका असेल तर बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारावे, जाताना बियाण्याची रिकामी पुडी बरोबर न्यावी.